कार्ड बदललं तरी महिन्याभरात पुन्हा तेच: मेमरी कार्डावर चालणाऱ्या छोट्या संगणकाचं निदान

लक्षणं साधारण अशी असतात. द्राक्षबागेतल्या शेडमध्ये लावलेला रास्पबेरी पाय, म्हणजे मेमरी कार्डावर चालणारा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय'), वरवर चालू दिसतो, लाल दिवा लागलेला असतो, पण परवा रात्रीपासून पानांच्या ओलाव्याची नोंदच नाही. बंद करून सुरू केला की कधी नीट चालतो, कधी अर्ध्यावर अडकतो. कधी तर सुरू झाल्यावर चार दिवसांपूर्वीची स्थिती दाखवतो आणि मधल्या दिवसांचा पत्ताच नसतो. मग नवं कार्ड येतं, सगळं पुन्हा चढवलं जातं आणि तीन-चार आठवड्यांनी फोन वाजतो, "भाऊ, कार्ड परत गेलं."

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात स्वतः जुळवलेली अशी हवामान केंद्रं आता बऱ्याच बागांत दिसतात. शहरात हाच डबा दुकानातल्या जाहिरातीच्या पडद्यामागे असतो, अभ्यासिकेच्या हजेरी यंत्रात असतो. काही विद्यार्थी जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली म्हणून पेनड्राइव्हवरच लिनक्स चालवतात. सगळ्यांची तक्रार शेवटी एकाच ठिकाणी येते: कार्ड टिकत नाही. मी ही यंत्रं सांभाळतो, आणि माझं ठाम मत असं की एकाच जागी कार्डामागून कार्ड जात असेल, तर बहुतेक वेळा दोष कार्डाबाहेर असतो. नवं कार्ड आणायला नाशिकच्या एमजी रोडला जाण्याआधी पुढची तपासणी करा.

सगळ्यात आधी प्रत

कार्ड बिघडलेलं वाटलं की पहिला मोह ते फॉरमॅट करायचा होतो. तो टाळा. कार्ड काढून लॅपटॉपच्या कार्ड रीडरमध्ये घाला आणि संपूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे एका फाइलीतली जशीच्या तशी प्रत, काढून ठेवा. विंडोजवर विन-३२ डिस्क इमेजर पुरतं, लिनक्सवर डीडी आहेच. वाचताना मधेच अडकत असेल तर डीडी-रेस्क्यू वापरा. ते वाचता न येणारा भाग बाजूला ठेवून आधी बाकीचं काढून घेतं. दुरुस्तीची एफएससीके ही आज्ञा मूळ कार्डावर चालवू नका, प्रतीवर चालवा. कार्ड शेवटच्या घटका मोजत असेल तर दुरुस्तीसाठीचं लिखाणच त्याला संपवू शकतं.

कार्ड नेमकं कशानं गेलं?

इथे चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपतात.

पहिली म्हणजे फक्त फाइलव्यवस्था (कुठली फाइल कार्डावर कुठे आहे याची मांडणी) विस्कटलेली असते, कार्ड ठणठणीत असतं. लिहिणं चालू असताना लाइट गेली की असं होतं. गंभीर चूक दिसली की लिनक्स कार्डावरचं विभाजन (पार्टिशन) फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवतो. यंत्र चालू दिसतं आणि नोंद मात्र होत नाही, ते यामुळे. प्रतीवर एफएससीके चालवली, चुका दुरुस्त झाल्या आणि कार्ड पुढच्या चाचण्यांत पास झालं, तर तेच कार्ड पुन्हा वापरायला हरकत नाही.

दुसरी म्हणजे कार्ड खरोखर झिजलेलं असतं. त्याची एक सोपी परीक्षा आहे. कार्डावर एक छोटी फाइल तयार करा, सिंक करा (म्हणजे रॅममध्ये रखडलेलं लिखाण कार्डावर उतरवा), संगणक रीतसर बंद करा, कार्ड दुसऱ्या संगणकात घालून पाहा. फाइल गायब असेल, किंवा फॉरमॅट यशस्वी झालं म्हणून सांगितल्यावरही जुन्या फाइली तशाच दिसत असतील, तर कार्डानं स्वतःला कुलूप लावलं आहे. बदलीसाठी राखून ठेवलेले ब्लॉक (साठवणीचे तुकडे) संपले की बरीच कार्डं लिहिणं थांबवतात, आणि त्यातली काही तसं सांगतही नाहीत. लिहिलं असं उत्तर देतात, पण लिहीत नाहीत. चार दिवसांपूर्वीची स्थिती परत दिसण्याचं कोडं इथे सुटतं. अशा कार्डावर कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. त्यातला डेटा काढून घ्या आणि ते फेकून द्या.

तिसरी, कार्ड नकली असतं. वर १२८ जीबी छापलेलं, आत त्याच्या निम्मीही जागा नाही. खरी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि त्यापुढचं लिखाण हवेत जातं, किंवा जुन्या डेटावर चढतं. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्सवर एफ-थ्री ही दोन मोफत साधनं पूर्ण कार्ड भरतात आणि परत वाचून पडताळतात. ६४ जीबीचं कार्ड सेकंदाला २० एमबी वेगानं भरायला साधारण ५३ मिनिटं लागतात, वाचायला वेगळी. दुकानातून आणलेलं प्रत्येक कार्ड मी याच चाचणीतून काढतो, कितीही नावाजलेल्या कंपनीचं वेष्टन असो.

चौथीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे संपर्क. डीमेसेज या आज्ञेनं कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश पाहा आणि एमएमसी-शून्य या नावापुढे येणारा आकडा वाचा. उणे ११० म्हणजे कार्डानं वेळेत उत्तर दिलं नाही. उणे ८४ म्हणजे उत्तर आलं पण वाटेत बिघडलं. उणे ८४ वारंवार दिसत असेल तर कार्डाच्या पट्ट्या आणि खाच आधी पुसा. बागेत गंधक आणि बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या होतात, आणि डब्याला वायर आत घेण्यासाठी पाडलेलं भोक उघडंच राहिलेलं असतं. त्या भोकाला केबल ग्लँड (वायरभोवती घट्ट बसणारं बूच) बसवा आणि भोक डब्याच्या खालच्या बाजूला ठेवा.

खरा आरोपी बहुतेक वेळा वीज

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा.

फ्लॅश मेमरीत लिहिण्याचं एकक लहान आणि पुसण्याचं एकक बरंच मोठं असतं. चार केबी बदलायचे असले तरी कार्डाच्या आतला नियंत्रक नवा मजकूर दुसऱ्या मोकळ्या जागी लिहितो, जुनी जागा बाद ठरवतो आणि कुठला मजकूर कुठे आहे याचा स्वतःचा तक्ता बदलतो. मोकळी जागा कमी पडली की मोठमोठे ब्लॉक उचलून दुसरीकडे मांडतो. हे सगळं संगणकाला न सांगता चालतं. नेमकी त्या क्षणी वीज गेली तर तुम्ही लिहीत असलेली फाइल तर जातेच, पण नियंत्रकाचा तक्ता अर्धवट राहिला तर कित्येक महिने कुणी हात न लावलेल्या फाइलीही वाचता येत नाहीत, किंवा अख्खं कार्डच ओळखलं जात नाही. "मी तर काहीच लिहीत नव्हतो" हे म्हणूनच पुरेसं उत्तर नाही.

आता आपल्या शेडकडे बघा. शेतीचा फीडर ठरावीक तासच चालू असतो. लाइट आली की ऑटो स्टार्टरवर मोटर लगेच उचलते, बल्ब क्षणभर मंद होतो. लाइट जाते तेव्हा पायला रीतसर बंद व्हायची संधी कधीच मिळत नाही. दिवसातून दोन-तीनदा असं होणार असेल, तर कुठल्याही कंपनीचं कार्ड द्या, ते जाणारच.

आधी व्होल्टेज तपासा. पाय ४ या मॉडेलला ५ व्होल्टवर ३ अँपिअरचा पुरवठा लागतो, पाय ५ साठी ५ अँपिअरचा सांगितलेला आहे. कंपनीचे स्वतःचे अडॅप्टर ५.१ व्होल्ट देतात, कारण वायरमध्ये थोडं पडणार हे गृहीत धरलेलं असतं. बोर्डापाशी व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय इशारा नोंदवतो. पडदा जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह दिसतं. पण शेडमध्ये पडदा कुठे असतो? त्यामुळे टर्मिनलमध्ये व्हीसीजेन-सीएमडी या आज्ञेला गेट-थ्रॉटल्ड विचारा. उत्तर निव्वळ शून्य आलं तर सुरू केल्यापासून तक्रार नाही. ५०००० आलं तर मधे कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि वेग उतरवावा लागला होता. ५०००५ आलं तर ते आत्ता, या क्षणीही पडलेलं आहे. हे वाचन मोटर चालू असताना घ्या. पाय रीस्टार्ट झाला की ही नोंद पुसली जाते, त्यामुळे संध्याकाळी गेलात तर सकाळचं दिसेलच असं नाही. तासातासाला हा आकडा दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्याची सोय केली तर आठवड्यात चित्र स्पष्ट होतं.

मोबाइलच्या चार्जरबद्दल एक मोठा गैरसमज आहे. "६७ वॅटचा आहे, याला काय कमी पडणार?" हे मी जवळपास प्रत्येक बागेत ऐकतो. ते ६७ वॅट मोबाइलशी बोलणी करून जास्त व्होल्टेजवर मिळतात. पाय ५ व्होल्टच मागतो, आणि ५ व्होल्टला तोच चार्जर दोन किंवा तीन अँपिअरच देतो. चार्जरवर बारीक अक्षरात आउटपुटची ओळ असते, त्यात ५ व्होल्टपुढचा आकडा वाचा.

त्याहून वाईट असते केबल. डबा खांबावर आणि सॉकेट शेडच्या आत, म्हणून तीन मीटरची स्वस्त यूएसबी केबल लावली जाते. येण्याजाण्याचा मिळून ०.२५ ओहम रोध आणि २ अँपिअर प्रवाह धरला तर अर्धा व्होल्ट वाटेतच संपतो. ५.१ मधून अर्धा गेला की उरतात ४.६. त्यावर यूएसबी डाँगल लावलं की संपलंच. उपाय सोपा आहे: लांब अंतर १२ व्होल्टवर न्या आणि डब्याच्या आत ५ व्होल्टचा चांगला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लावा. १२ व्होल्टवर तेवढीच शक्ती न्यायला प्रवाह निम्म्याहून कमी लागतो, आणि थोडं व्होल्टेज पडलं तरी कन्व्हर्टर सांभाळून घेतो.

१२ व्होल्ट निवडण्याचा दुसरा फायदा असा की वायफाय राउटरसाठी मिळणारा मिनी यूपीएस मधे घालता येतो. कन्व्हर्टरला लागणारा प्रवाह तो देतो ना, एवढं मात्र पाहून घ्या. लाइट गेल्यावर तो काही तास काढतो. मात्र बॅटरी संपली की शेवटी वीज तशीच अचानक जाते, म्हणून बंद होण्याची सूचना पायपर्यंत पोचायला हवी. लाइट आहे की नाही हे ऑप्टोकपलरमधून (दोन सर्किटं वेगळी ठेवून प्रकाशानं सूचना पोचवणारा भाग) पायच्या एका जीपीआयओ पिनवर, म्हणजे बाहेरची सूचना घेणाऱ्या पिनवर, घ्या आणि लाइट जाऊन दहा मिनिटं झाली की शटडाउन करणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा. २३० व्होल्टला हात लावायची सवय नसेल तर हा भाग वायरमनकडूनच करून घ्या, किंवा मेनवर लावलेल्या साध्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरकडून ती सूचना घ्या. त्याचे ५ व्होल्ट थेट पिनला कधीच जोडू नका, पिन ३.३ व्होल्टची आहे. पॉवर बँक मी सुचवत नाही. चार्जिंग सुरू होताना किंवा थांबताना बऱ्याच पॉवर बँका क्षणभर आउटपुट तोडतात, आणि तेवढा क्षण पायला पुरतो.

नंतर लिखाण कमी करा

वीज ठीक झाल्यावर कार्डाचं आयुष्य ठरतं ते किती वेळा लिहिलं जातं यावर. किती एमबी, यापेक्षा किती वेळा हे जास्त महत्त्वाचं. बागेतल्या एका केंद्रावर दर दहा सेकंदांनी नोंद होत होती. म्हणजे दिवसाला ८,६४० नोंदी. एक ओळ ६० अक्षरांची धरली तर दिवसाचा सगळा मजकूर अर्ध्या एमबीच्या आसपास. पण प्रत्येक नोंद लगेच पक्की करायची तर दर वेळी किमान ४ केबीचा तुकडा लिहावा लागतो, तेच सुमारे ३५ एमबी झाले. त्यात डेटाबेसचं जर्नल (बदलांची आगाऊ नोंद), फाइलव्यवस्थेचं जर्नल आणि कार्डाच्या आतली हलवाहलव मिळवा.

डावणी या द्राक्षावरच्या रोगाच्या अंदाजासाठी पान किती तास ओलं राहिलं हे हवं असतं. पान दहा सेकंदांत वाळत नाही. दहा मिनिटांची नोंद पुरते, आणि लिखाण साठपट कमी होतं. ज्यांना बारीक नोंद हवीच, त्यांनी ती मेमरीत जमवून पंधरा मिनिटांनी एकदम एकाच व्यवहारात लिहावी. एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरत असाल तर त्याचा डब्ल्यूएएल प्रकार (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिणारा) चालू करून सिंक्रोनस हे सेटिंग नॉर्मलवर ठेवा. वीज गेली तर शेवटच्या थोड्या नोंदी जातील, डेटाबेस मोडणार नाही.

लॉग, म्हणजे यंत्र स्वतःच्या कामाची ठेवतं ती नोंद, हा दुसरा खादाड. लॉग सांभाळणाऱ्या जर्नल-डी ची साठवण व्होलाटाइल केली की सिस्टिमचे लॉग रॅममध्येच राहतात. स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर वापरली जाणारी जागा) कार्डावर नको, झेडरॅम वापरा, ते तोच मजकूर आवळून रॅममध्येच ठेवतं. नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ न लिहिण्याचा पर्याय) लावा असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण रास्पबेरी पाय ओएसमध्ये तो पर्याय आधीच लावलेला असतो. त्यात वेळ घालवू नका.

सगळ्यात पक्का उपाय म्हणजे कार्डावर काहीच न लिहिणं. रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या साधनात परफॉर्मन्स भागात ओव्हरले फाइल सिस्टिम आहे. ती चालू केली की कार्ड फक्त वाचलं जातं, बदल रॅममध्ये राहतात आणि रीस्टार्टनंतर पुसले जातात. तिथेच बूट विभाजनही (यंत्र सुरू करणाऱ्या फाइली असतात ते) फक्त वाचण्यापुरतं करता येतं. नोंदी मग नेटवर्कवरून घरच्या संगणकाकडे पाठवा, किंवा वेगळ्या पेनड्राइव्हवर लिहा. तो पेनड्राइव्ह गेला तरी यंत्र सुरू होतं, सेन्सर वाचले जातात, दुसरा लावला की काम पुढे चालू. जाहिरातीच्या पडद्यांना आणि हजेरी यंत्रांना तर मी दुसरं काही सुचवतच नाही. अपडेट करायचं असेल तेव्हा मात्र ओव्हरले बंद करून, अपडेट करून, पुन्हा चालू करावं लागतं. हे डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस केलेले बदल का टिकत नाहीत म्हणून दिवसभर झगडेल.

कार्ड घ्यायचंच असेल तर

कार्डावरचा मोठा आकडा, सेकंदाला इतके एमबी, हा सलग वाचण्याचा असतो. कॅमेऱ्याला तो उपयोगी. संगणकाला बारीक बारीक तुकडे इकडेतिकडे लिहायचे असतात, आणि त्यासाठी ए-वन, ए-टू ही चिन्हं आहेत. ए-वन म्हणजे सेकंदाला किमान १,५०० वाचनं आणि ५०० लेखनं, ए-टू म्हणजे ४,००० आणि २,०००. पण ए-टूचा वेग मिळायला संगणकाकडूनही कमांड क्यू (आज्ञांची रांग) आणि कॅशची (तात्पुरत्या साठवणीची) साथ लागते. जुन्या पायवर ती नाही, तिथे चांगलं ए-वन कार्ड पुरे. टिकाऊपणाबद्दल मात्र ही चिन्हं काहीच सांगत नाहीत. त्यासाठी डॅशकॅम आणि सीसीटीव्हीसाठी विकली जाणारी हाय एंड्युरन्स कार्डं बघा. साध्या कार्डांच्या वॉरंटीत असा सततचा वापर अनेकदा बसत नाही, ते कागद वाचूनच घ्या. गरजेपेक्षा मोठं कार्ड घेतलं तर झीज जास्त ब्लॉकमध्ये वाटली जाते, हाही फायदा आहे.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचा बंद डबा बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त तापतो. उष्णतेत फ्लॅशमधला साठवलेला विद्युतभार लवकर गळतो. डबा सावलीत, उत्तरेकडच्या भिंतीवर लावा.

नोंदी महत्त्वाच्या असतील तर एसएसडीवर जा. पाय ४ यूएसबीवरून बूट होतो (सुरुवातीच्या काळातला बोर्ड असेल तर त्याचा बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू करणारा प्रोग्राम, आधी अपडेट करावा लागतो), पाय ५ ला एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी जोडता येते. एसएसडीची तब्येत स्मार्ट या तिच्या स्वतःच्या अहवालातून वाचता येते, साध्या कार्डाची येत नाही. पण एसएसडी पायकडून जास्त वीज खेचते, म्हणजे वरची सगळी तपासणी आता दुप्पट गरजेची. आणि निळ्या यूएसबी-३ पोर्टला लावल्यावर वायफाय अडखळायला लागलं तर दचकू नका. यूएसबी-३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. चांगल्या आवरणाची केबल लावून एसएसडी थोडी दूर ठेवा, किंवा वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या.

पेनड्राइव्हवरचा लॅपटॉप

विद्यार्थ्यांची तक्रार वेगळी दिसते: ब्राउझर उघडला की संगणक अर्धा मिनिट थिजतो. कारण तेच, बारीक लेखन. साध्या पेनड्राइव्हचा नियंत्रक यात फार कच्चा असतो, आणि ब्राउझर सतत कॅश लिहीत असतो. ब्राउझरची कॅश रॅममध्ये ठेवा, स्वॅप काढून झेडरॅम लावा, थिजणं लक्षात येण्याइतकं कमी होतं. विंडोज पेनड्राइव्हवर चालवण्याचा विचार सोडा, मायक्रोसॉफ्टनं त्यासाठीची विंडोज टू गो ही सोय विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीत काढून टाकली. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी बसत असेल तर तीच बसवा. पेनड्राइव्ह बदलत राहण्यात पैसे घालवू नका.

राखीव कार्ड

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, पोंग्यापासून (कोवळ्या फुटीपासून) फुलोऱ्यापर्यंत, परतीचा पाऊस डोक्यावर असताना एका रात्रीची नोंद गेली तरी फवारणीचा निर्णय अंदाजावर घ्यावा लागतो. म्हणून छाटणीआधी राखीव कार्ड तयार ठेवा. नुसतं तयार नको, ते घालून यंत्र एक दिवस चालवून पाहा. वर्षभर कपाटात पडलेल्या कार्डावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. आणि इमेज चढवताना एक अडचण हमखास येते: दोन कंपन्यांची ३२ जीबीची कार्डं नेमकी सारखी नसतात, काही एमबींचा फरक असतो, आणि मोठ्यावरून घेतलेली इमेज लहानावर मावत नाही. पाय-श्रिंक या साधनानं इमेज आधी आवळून ठेवा. कार्डावर सुरू होताना ती आपोआप पूर्ण जागेवर पसरते.